नागपुरात प्लॉट घेताय? बयाणा देण्याआधी या चुका टाळा

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, विमानतळाजवळचा मिहान प्रकल्प वाढतोय, आणि हिंगणा, जामठा, उमरेड रोडला लेआउटचे फलक दिसतात. नागपूरच्या नोकरदार माणसाकडे चार पैसे साठले की तो आधी प्लॉटच बघतो. तो पैसा अडकतो, तेव्हा बहुतेक वेळा कागद न बघितल्याने अडकतो.

सगळ्यात महाग चूक म्हणजे शेतात चुन्याच्या रेषा मारून पाडलेला प्लॉट घेणं. सातबाऱ्यावर जमीन शेतीचीच असते, एनए-टीपीचा, म्हणजे बिगरशेती परवानगी आणि नगररचना मंजुरीचा, पत्ता नसतो आणि एजंट सांगतो, "आरएल निघून जाईल, काळजी करू नका." आरएल म्हणजे रिलीज लेटर, प्लॉटला प्राधिकरणाची मंजुरी असल्याचं पत्र. ते नसेल तर घराचा नकाशा मंजूर करून घेताना आणि बँकेचं कर्ज काढताना गाडी अडते. नागपुरात ५७२ आणि १९०० या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत लेआउटमधल्या कुटुंबांना विचारा, नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) किती चकरा माराव्या लागल्या ते.

"पुढे गुंठेवारीत नियमित होईल" या आश्वासनावर तर अजिबात विसंबू नका. परवानगीविना गुंठ्यांत पाडलेले प्लॉट नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपुरती आणि प्लॉटपुरती वाढवली. आज पाडलेला प्लॉट त्यात बसत नाही. शिवाय शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेतली, तर विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याखाली तो व्यवहारच अवैध ठरू शकतो.

म्हणून एजंटची झेरॉक्स बाजूला ठेवा. सातबारा आणि फेरफार स्वतः ऑनलाइन काढा. झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि मंजूर नकाशा एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, किंवा नासुप्रकडून पडताळा, आणि त्या नकाशात तुमचा प्लॉट नंबर बोट ठेवून शोधा. तो मैदानासाठी किंवा सार्वजनिक वापरासाठी सोडलेल्या जागेवर निघाला, तर रजिस्ट्री झाली तरी उपयोग नाही. शहरातली नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, किंवा नासुप्रच्या लीजची जागा असेल, तर हस्तांतरणाची परवानगी आणि लीजच्या अटी आधी वाचा.

दुसरी चूक रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालचा, नोंदणी नंबर न बघण्याची. "रेरा फ्लॅटला असतो, प्लॉटला नाही," असं सर्रास सांगतात, ते खोटं आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण ५,३८० चौरस फुटांपेक्षा जास्त असेल, तर प्लॉटच्या प्रकल्पालाही विक्रीआधी नोंदणी करावी लागते. जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नंबर आणि क्यूआर कोड नसेल, तर तिथेच थांबा. नोंदणी न केल्यास विकासकाला प्रकल्पखर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होतो, आणि आदेश मोडत राहिला तर तीन वर्षांपर्यंत कैद.

पण हा दंड सरकारकडे जातो, तुमच्या खिशात येत नाही. तुम्हाला व्याजासह परतावा मागायचा, तर पैसे दिल्याचा पुरावा लागतो. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम विकासक घेऊच शकत नाही, तरी लोक अर्ध्या किस्ती कच्च्या पावतीवर भरून मोकळे होतात. नोटरी केलेल्या सौदाचिठ्ठीने किंवा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

रोखीचंही तसंच. स्थावर व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. आज रोख घेणारा विकणारा असतो, उद्या प्लॉट विकताना रोख घेणारे तुम्ही असाल. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल, तर एक टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची.

कर वाचवायला साळ्याच्या किंवा मित्राच्या नावावर प्लॉट घेऊ नका. बेनामी ठरला तर मालमत्ता जप्त होते, एक ते सात वर्षं कैद आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होतो.

आधीच अडकला असाल, तर पुढची किस्त थांबवण्याआधी करारनामा वकिलाला दाखवा. पावत्या, बँक स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरचे संदेश तारखेनुसार लावा आणि लेखी नोटीस द्या. महारेराचं कार्यालय नागपुरातही आहे, आणि नोंदणी नसलेल्या लेआउटची तक्रारही तिथे करता येते. विकसित प्लॉट देण्याचं आश्वासन असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. एकच प्लॉट दोघांना विकल्याचं उघड झालं, तर पोलिसांकडे जायला एक दिवसही थांबू नका.