भांड्यापाशी गुरगुरणारा कुत्रा: 'अल्फा' व्हायला न जाता काय करावं

कुत्रा जेवताना गुरगुरला की सल्ले सुरू होतात. तो डोक्यावर बसलाय, त्याला त्याची जागा दाखवा. भांडं मधेच उचला, त्यात हात घाला, उताणं पाडून दाबून धरा. नेमकं यानेच गुरगुरणं वाढतं. अन्न हातचं जाईल ही त्याची भीती आपणच खरी करून दाखवतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, कुत्र्याला उताणं पाडून बघितलेल्या मालकांपैकी सुमारे ३१ टक्के जणांवर कुत्रा उलटला होता.

'अल्फा' म्हणजे कळपाचा म्होरक्या. मालकाने तसा म्होरक्या व्हायचं, हे खूळ लांडग्यांवरून आलं. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांमधल्या चढाओढीचं वर्णन केलं. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकाने ती कल्पना घरोघरी नेली. पुढे कॅनडातल्या एल्समेअर बेटावर मोकळे लांडगे पाहिल्यावर त्यांनीच १९९९मध्ये ती खोडून काढली: रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं. मालकाने आधी जेवावं, दारातून आधी जावं हे नियम त्याच खुळातले. पाळायचे तर पाळा, गुरगुरण्यावर त्यांचा उपयोग नाही.

आधी तयारी. गुरगुरणं अचानक सुरू झालं असेल तर पशुवैद्यांकडून दात, कान, पोट तपासून घ्या. दुखणाऱ्या कुत्र्याला कोणी जवळ आलेलं नको असतं. जेवण वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात द्या. घरात दोन कुत्री असतील तर वेगळ्या खोल्यांत. मुलांना या सरावात घेऊ नका आणि जेवणाच्या वेळी तिकडे फिरकू देऊ नका.

अंतर शोधा. कुत्रा खात असताना लांबून बघा. अंग ताठ होणं, एकदम भराभर खाणं, भांड्यावर मान रोखून थबकणं, तिरक्या नजरेत डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ही गुरगुरण्याआधीची लक्षणं. यातलं काहीही दिसत नाही तिथे थांबा. आठ फूट असेल, पंधराही असेल. सराव तिथून सुरू करा.

तुकडा टाका, मागे फिरा. मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता उकडलेलं, हाड काढलेलं चिकन किंवा पनीर घ्या. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. भांड्यातलं खाणं तुकड्यापेक्षा साधं हवं, नाहीतर तो ढुंकून बघणार नाही. ठरलेल्या अंतरापर्यंत चाला, तुकडा भांड्याजवळ टाका, लगेच परत जा. एका जेवणात पाच-सहा वेळा. क्रम महत्त्वाचा: आधी माणूस दिसला पाहिजे, मग तुकडा. उलट केलंत तर चिकन दिसलं की कोणीतरी येतं, एवढंच तो शिकेल.

तुम्हाला बघून तो मान वर करून, सैल अंगाने वाट बघायला लागला की अंतर एक फूट कमी करा, तेही सलग तीन-चार जेवणं सुरळीत गेल्यावरच. बहुतेकांचं इथेच बिनसतं. दोन दिवस बरे गेले की थेट भांड्यापाशी जातात. ताठरपणा दिसला तर दोन फूट मागे या, रागावू नका. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने पुन्हा लांबूनच सुरुवात करायची. आईला चालतं म्हणून काकाला चालेलच असं नाही.

भांडं सगळ्यात शेवटी. शेजारी उभं राहून तुकडा टाकणं जमलं की किंचित वाकून टाका. मग रिकामं भांडं उचला, त्यात चिकन घाला, परत ठेवा. भरलेलं भांडं काढून घेण्याची 'परीक्षा' कधीच नको.

पळवलेला मोजा किंवा चप्पल असेल तर मागे धावू नका. तीन-चार फुटांवर मूठभर तुकडे पसरा, तो तिकडे गुंतला की वस्तू उचला.

गुरगुरल्याबद्दल फटका मात्र चुकूनही देऊ नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबली की पुढच्या वेळी आवाज न करता थेट चावू शकतो. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. त्यानंतर सराव एकट्याने करू नका. प्रशिक्षक बघताना पहिल्याच भेटीत विचारा, कुत्रा गुरगुरला तर तुम्ही काय करता? उत्तरात दाबून धरणं किंवा गळा आवळणारी साखळी आली, तर दुसरा शोधा.