त्रिकोणमितीय समीकरण सोडवताना एकही उत्तर सुटू नये म्हणून

समीकरण सोडवायला घेण्याआधी प्रश्नात कोनाची मर्यादा काय दिली आहे हे पाहून ती वहीत वरच लिहून ठेवावी, कारण एकाच किमतीचे अनेक कोन असतात आणि त्यांपैकी कोणते घ्यायचे हे ती मर्यादाच ठरवते. पुढील सर्व उदाहरणांत थीटा हा शोधायचा कोन ०° किंवा त्याहून मोठा आणि ३६०° पेक्षा लहान आहे असे धरू.

२ साइन थीटा + १ = ० हे समीकरण घ्या. त्यातून साइन थीटा = –१/२ मिळते. आता उणे चिन्ह क्षणभर बाजूला ठेवावे आणि ज्याच्या साइनची किंमत १/२ आहे तो लघुकोन, म्हणजे ३०°, लिहावा. चिन्हावरून फक्त चरण (०° ते ३६०° चे क्रमाने ९०°-९०° चे चार भाग) ठरवायचे असतात. साइनची किंमत पहिल्या व दुसऱ्या चरणात धन असते, त्यामुळे ऋण किंमत तिसऱ्या व चौथ्या चरणात मिळते; म्हणून १८०° + ३०° = २१०° आणि ३६०° – ३०° = ३३०° ही दोन उत्तरे येतात. कॅल्क्युलेटर मात्र येथे केवळ –३०° दाखवतो आणि तो कोन मर्यादेत बसतच नाही. कोसाइन पहिल्या व चौथ्या, तर टॅन पहिल्या व तिसऱ्या चरणात धन असतो.

सर्वाधिक गुण जातात ते घाईने भागाकार केल्यामुळे. २ साइन² थीटा = साइन थीटा असे समीकरण दिसले की दोन्ही बाजूंना साइन थीटाने भागण्याचा मोह होतो; पण साइन थीटा शून्य असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही. तसे भागले तर ३०° व १५०° एवढीच उत्तरे हाती लागतात. त्याऐवजी सर्व पदे एका बाजूला घेऊन साइन थीटा (२ साइन थीटा – १) = ० असे अवयव पाडावेत, म्हणजे ०° आणि १८०° हेही मिळतात.

कोन दुप्पट असेल तर मर्यादाही दुप्पट करावी. कोसाइन २ थीटा = १/२ यात २ थीटा ७२०° पर्यंत जाऊ शकतो, म्हणून त्याच्या किमती ६०°, ३००°, ४२०° आणि ६६०° अशा चारही लिहाव्यात आणि मगच २ ने भागावे: ३०°, १५०°, २१०°, ३३०°. आधी भागून मग चरण शोधले, तर उत्तरे चुकतात.