जुनं पंचांग फेकू नका

जीपीएसचा एखादा उपग्रह कक्षा बदलणार अशी सूचना आली की आमच्या कॉलेजातली पोरं अँटेना घेऊन गच्चीवर पळतात. पळा, पण आधी त्याचा इफेमेरिस सेव्ह करा. उपग्रह स्वतःच्या कक्षेचं हे पंचांग साधारण दर दोन तासांनी नवं पाठवतो आणि रिसीव्हर जुन्यावरच नवं लिहून मोकळा होतो. इंजिन खरंच पेटलं का, हे कळतं जुन्या पंचांगावरून काढलेलं उपग्रहाचं अंतर आणि प्रत्यक्ष मोजलेलं अंतर यांच्या फरकावरून. नव्या पंचांगात सगळं जुळणारच!

सूचनेतली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. 22:00 म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी पहाटेचे 3:30, तेव्हा अलार्म लावताना तारीखही बघा. त्या वेळी उपग्रह आपल्या आकाशात आहे ना, हेही. जीपीएसचं घड्याळ यूटीसीच्या 18 सेकंद पुढे चालतं. हे विसरलात तर सेकंदाला 3.9 किलोमीटर धावणारा उपग्रह सत्तरएक किलोमीटर चुकीच्या जागी दिसेल, आणि तुम्ही पेढे वाटाल.

काम चालू असताना उपग्रह स्वतःला ‘अनहेल्दी’ म्हणवतो आणि बरेच रिसीव्हर त्याला गुपचूप वगळतात. ती सेटिंग बंद करून कच्ची मोजमापं साठवा. गुरुवार असेल तर पुण्यात वीज जाऊ शकते, यूपीएस चार्ज हवाच. अँटेना पाण्याच्या टाकीपासून लांब ठेवा. जमत नसेल तर आदल्या दिवशीही नोंद घ्या. उपग्रह रोज सुमारे चार मिनिटं आधी त्याच जागी येतो, तेवढं सरकवून वजाबाकी केली की टाकीवरून परतलेल्या लहरींचा गोंधळ बराच निवळतो.

काय दिसायला हवं, याचं गणित आदल्या रात्रीच कागदावर मांडा. धावण्याच्या दिशेने सेकंदाला फक्त 10 सेंटीमीटरचा धक्का धरा. दोन तासांत उपग्रह सुमारे 700 मीटर वर चढतो, आणि पुढे ढकललेला असूनही एका फेरीअखेर जवळपास 13 किलोमीटर मागे पडतो, कारण कक्षा मोठी झाली की फेरीला वेळ जास्त लागतो. माझा स्वतःचा यावर पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

आलेखात फरक हळूहळू वाकत गेला तर कक्षा, एकदम पायरीसारखा उडाला तर बहुधा उपग्रहाचं घड्याळ. खात्रीसाठी दूरच्या स्टेशनचा डेटा आधीच हेरून ठेवा: घड्याळाची चूक सगळीकडे सारखीच दिसते, कक्षेची नाही. हैदराबाद किंवा बंगळूरु त्यासाठी फार जवळ. शिवाय जुना इफेमेरिस चार तासांपलीकडे आपोआपच ढळू लागतो. म्हणून कक्षा न बदललेल्या एखाद्या उपग्रहालाही त्याच गणितातून काढा. त्याचाही आलेख वाकला तर दोष आपल्या पद्धतीत आहे.

आयजीएस ही आंतरराष्ट्रीय सेवा उपग्रहांच्या अचूक कक्षा नंतर काढून देते; ताडून बघायला त्या अंतिम कक्षा यायला दोनेक आठवडे लागतात. तोवर कच्च्या फाइली डिलीट करू नका.