पडणाऱ्या संत्र्याची यांत्रिक ऊर्जा मोजताना

नववीच्या सहामाही परीक्षेत मला एक प्रश्न आला होता: १२ मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू ५ मीटर खाली आल्यावर तिची स्थितिज ऊर्जा किती? वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार हे सूत्र तोंडपाठ असल्यामुळे मी उंचीच्या जागी ५ लिहून मोकळा झालो आणि सगळे गुण घालवून बसलो. सूत्रातील उंची म्हणजे वस्तूचे अजून पडायचे राहिलेले अंतर, म्हणजे येथे ७ मीटर, हे मला त्यानंतर कळले. आता नागपुरात शिकवणी घेताना दरवर्षी निम्म्या वह्यांत हीच चूक सापडते; म्हणून सूत्राला हात लावण्यापूर्वी एक उभी रेघ काढून तिच्यावर सुरुवातीचा, मधला आणि जमिनीवरचा असे तीन बिंदू मांडण्याचा मी आग्रह धरतो.

समजा, १५० ग्रॅमचे संत्रे १२ मीटर उंच गच्चीवरून नुसते सोडले. ग्रॅमचे किलोग्रॅम करायचे विसरले तर उत्तर हजारपट फुगते, म्हणून आधी ०.१५ किलोग्रॅम लिहून घ्यावे. गच्चीवर वेग शून्य असल्याने सगळी ऊर्जा स्थितिज असते: ०.१५ × ९.८ × १२ = १७.६४ ज्यूल. पाच मीटर पडल्यावर वेगाचा वर्ग २ × ९.८ × ५ = ९८ होतो, त्यामुळे गतिज ऊर्जा ½ × ०.१५ × ९८ = ७.३५ ज्यूल आणि उरलेल्या ७ मीटरची स्थितिज ऊर्जा १०.२९ ज्यूल येते. दोन्हींची बेरीज, म्हणजेच एकूण यांत्रिक ऊर्जा, पुन्हा १७.६४. जमिनीला टेकण्याच्या क्षणी स्थितिज ऊर्जा संपलेली असते आणि वेग सुमारे १५.३ मीटर प्रति सेकंद असतो. मधल्या बिंदूची बेरीज जुळली नाही, तर बहुधा एका ठिकाणी ९.८ आणि दुसऱ्या ठिकाणी १० घेतलेले असते.

अकरावीच्या मुलांना मात्र खरी अडचण येते ती शून्याची. उंची जमिनीपासूनच का मोजायची, असे एका विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा मी तिला समुद्रसपाटीपासून मोजून पाहायला सांगितले. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, म्हणून गच्चीची उंची ३२२ मीटर धरली, तर एकूण ऊर्जा ४७३.३४ ज्यूल येते, आणि जमिनीशी स्थितिज ४५५.७० व गतिज १७.६४ अशी तिची विभागणी होते. एकूण आकडा बदलला, पण गतिज ऊर्जा आणि वेग तेच राहिले. अंतरे मोजायला शून्य कुठेतरी रोवावेच लागते, हे झिरो माइलच्या दगडावरून रोज ये-जा करणाऱ्या नागपूरकराला वेगळे सांगायला नको. फक्त एकदा रोवलेला शून्य गणिताच्या मध्यावर हलवू नये.

तेच संत्रे सेकंदाला ४ मीटर वेगाने फेकले, तर सुरुवातीलाच १.२ ज्यूल गतिज ऊर्जा मिळवावी लागते आणि एकूण १८.८४ ज्यूल होतात. ते वर फेकले काय किंवा खाली फेकले काय, जमिनीवर पोहोचतानाचा वेग सुमारे १५.८ मीटर प्रति सेकंदच येतो, कारण वेगाच्या वर्गात दिशा उरत नाही. या एका उत्तरावर वर्गात सर्वांत जास्त वाद होतो आणि तो मी मुद्दाम लवकर मिटवत नाही.

हे सारे हवेचा विरोध नगण्य मानून केलेले गणित आहे. संत्र्याच्या बाबतीत ते बऱ्यापैकी चालते. पण त्याच गच्चीवरून २.७ ग्रॅमचा टेबल टेनिसचा चेंडू सोडला, तर तो १५.३ मीटर प्रति सेकंद या वेगाच्या जवळपासही जात नाही. त्याची यांत्रिक ऊर्जा वाटेत खरोखरच घटत जाते आणि ती हवेला गती व उष्णता देण्यात खर्च होते, म्हणून प्रश्नात ‘हवेचा विरोध दुर्लक्षित करा’ हे वाक्य आहे की नाही, ते आधी पाहावे.