सबवूफर घेण्याआधी डिकी मोजा

गाडीत खोल बेस वाजवणाऱ्या सबवूफरच्या, म्हणजे सबच्या, पुठ्ठ्याच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेले '१२०० वॉट' विसरा. तो आकडा क्षणभराच्या शिखराचा असतो. आतली तारेची कॉइल न जळता सब सलग किती ताकद पेलेल, हे आरएमएस वॉट सांगतात. तो आकडा कुठेच छापलेला नसेल, तर तो सब घेऊच नका. सोबत सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॉटला किती आवाज निघतो, ते बघा. ८७ डेसिबलच्या सबला ९० डेसिबलवाल्याइतका आवाज काढायला दुप्पट वॉट लागतात.

पण त्याआधी टेप घेऊन डिकी मोजा. मागे सीएनजीची टाकी असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. सीटखाली बसणारा, आतच सिग्नलला ताकद देणारा अ‍ॅम्प असलेला ८ इंची सब घ्या. सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून खालची उंची मोजा. एसीचा डक्ट आणि सीटचं वायरिंग तिथूनच जातं.

डिकी मोकळी असेल तर हॅचबॅकला सीलबंद (हवा बाहेर न जाणाऱ्या लाकडी) खोक्यातला १० इंची सब पुरतो. गाडीच्या छोट्या बंद केबिनमध्ये साधारण ६०-७० हर्ट्झच्या खालचा आवाज आपोआप चढतो. सीलबंद खोक्याचा आवाज त्याच पट्ट्यात उतरत जातो, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसतो. पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेलं) खोकं किंवा नळीच्या आकाराची बेसट्यूब कमी वॉटमध्ये जास्त दणका देते, पण जागा खाते आणि ट्यूनिंग (भोक कोणत्या हर्ट्झला घुमतं ते) चुकलं तर एकाच सुरात घुमत राहते. सेडानमध्ये मात्र सीटची पाठ आणि मागचा पत्रा आवाज अडवतात, तिथे पोर्टेड १२ इंची कामी येतो.

अंदाजासाठी आकडे: १० इंचीला सीलबंद खोकं १५ ते २० लिटर, १२ इंचीला २८ ते ३५, पोर्टेड १२ इंचीला बहुधा ५० लिटरच्या वर. अंतिम शब्द सबच्या कागदावरचा. खोकं १८ मिमी एमडीएफचं हवं. पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात ओल धरून फुगतो आणि सांधे सुटून हवा फुसफुसते.

आता ओम, म्हणजे कॉइलचा विजेला होणारा रोध. सगळ्यात जास्त अ‍ॅम्प इथे जळतात. ड्युअल (एकाच सबमध्ये दोन) ४ ओम कॉइल समांतर जोडल्या तर २ ओम, एकापाठोपाठ जोडल्या तर ८. ड्युअल २ ओममध्ये हेच १ आणि ४ होतात. तुमचा मोनो (एकाच चॅनलचा) अ‍ॅम्प १ ओम झेपणारा नसेल, तर ड्युअल २ ओमचा सब समांतर जोडू नका. चार चॅनलचा अ‍ॅम्प ब्रिज करणार (दोन चॅनल जोडून एक करणार) असाल तर बहुतेक अ‍ॅम्पना ४ ओमच्या खाली जाणं सोसत नाही. अ‍ॅम्पचा आरएमएस त्याच ओमवर वाचा आणि तो सबच्या आरएमएसच्या आसपास ठेवा.

३०० वॉट आरएमएसचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या जातीचा) अ‍ॅम्प पूर्ण जोरात साधारण २८ अँपिअर ओढतो. त्याला ८ गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) शुद्ध तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज लावा. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. तेच वापरायचं असेल तर दोन पायऱ्या जाड, म्हणजे ४ गेज घ्या. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा. वाटेत वायर सोलून पत्र्याला टेकली तर आग तोच रोखतो, अ‍ॅम्पवरचा फ्यूज नाही. अर्थिंगची वायर आखूड ठेवा आणि पत्र्याचा रंग खरवडून बोल्टने आवळा. नुसत्या रंगावर आवळली की इंजिनाची शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते.

जोडल्यावर लो-पास (वरचे सूर सबपर्यंत जाऊ न देणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर, बेस बूस्ट शून्यावर. स्टिरिओचा आवाज पाऊण ठेवून गेन हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की मागे घ्या. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, ते स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवून घ्यायचं बटण. तो फुल करून छोटा अ‍ॅम्प ताणला की फाटलेला सिग्नल कॉइल तापवतो. पोर्टेड खोकं ३५ हर्ट्झला ट्यून असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) २८-३० हर्ट्झवर लावा, नाहीतर त्याखाली कोन (सबचा पडदा) मोकाट सुटतो आणि कॉइल आपटते. शेवटी फेज (सबचा पडदा बाकीच्या स्पीकरांसोबत हलतो की उलट, ते ठरवणारं बटण) शून्य आणि १८० करून बघा. चालकाच्या सीटवर बेस जिथे भरीव वाटेल तिथे ठेवा.

दुकानात डीजेच्या रिमिक्सवर सब पारखू नका, त्यात सगळेच दणकतात. ढोलकीची लावणी लावा. डाव्या पुडीचा घुमारा सुरू होऊन वेळेत थांबला पाहिजे. एका थापेची शेपटी दुसरीत मिसळत असेल, तर दुसरा सब लावायला सांगा.