कर्करोगातला थकवा ओळखावा कसा आणि डॉक्टरांना सांगावा कसा

निरोगी माणसाच्या थकव्याला बहुधा कारण दाखवता येते. धावपळ झालेली असते, जागरण झालेले असते, आणि रात्री शांत झोप लागली की सकाळी तो उतरतो. कर्करोगातला थकवा मात्र केलेल्या श्रमांच्या मानाने कितीतरी जास्त असतो आणि विश्रांतीनेही पुरता जात नाही. अंघोळ करून आलेला माणूस टॉवेल हातात तसाच धरून पलंगाच्या कडेला पंधरा मिनिटे बसून राहतो, किंवा एकच ओळ तीनदा वाचूनही त्याच्या डोक्यात शिरत नाही, तेव्हा त्याला आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

‘थकवा येतो’ एवढेच सांगितले तर हा फरक डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून नोंद ठेवावी. रोज ठरलेल्या वेळी थकव्याला 0 (थकवा अजिबात नाही) ते 10 (जास्तीत जास्त थकवा) पैकी आकडा द्यावा आणि त्या दिवशी कोणते काम अर्धवट सोडावे लागले तेही लिहावे. केमोथेरपीनंतरचा थकवा सहसा पहिल्या काही दिवसांत वाढून पुढच्या सायकलपर्यंत, म्हणजे औषधाच्या पुढच्या फेरीपर्यंत, थोडा ओसरतो, तर रेडिएशनचा थकवा आठवड्यागणिक साचत जाऊन उपचार संपल्यावरही रेंगाळतो. वहीत हा चढउतार दिसू लागला की महत्त्वाची कामे बऱ्या दिवसांवर टाकता येतात.

आकडा 4 किंवा त्याहून वर राहू लागला, तर वही डॉक्टरांना दाखवावी. ‘एवढ्या मोठ्या आजारात थकवा यायचाच’ असे म्हणून कितीतरी रुग्ण गप्प बसतात, याचे फार वाईट वाटते. कारण कमी झालेले हिमोग्लोबिन, मंदावलेली थायरॉइड, वेदना, मोडलेली झोप, नैराश्य किंवा एखादे औषध यांपैकी काही त्यामागे असेल, तर त्यावर इलाज करता येतो.

सतत पडून राहिल्याने स्नायूंची ताकद घटते आणि थकवा आणखी वाढतो, हे प्रथम ऐकताना उलटे वाटते. डॉक्टरांना विचारून पाच-दहा मिनिटांच्या चालण्याने सुरुवात करावी आणि अंगाला झेपेल तसे ते वाढवावे. आजार हाडांत पसरला असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर कोणता व्यायाम चालेल हे त्यांनीच ठरवावे. दुपारची झोप अर्ध्या तासाची पुरे.

बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, उठताच भोवळ येणे, 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, किंवा दिवसभर अंथरुणातून उठताच न येणे, यांपैकी काहीही झाले तर वहीत लिहीत बसू नये. लगेच रुग्णालयाशी संपर्क साधावा.