ट्यूब प्रीअँप बनवताय? मी केलेल्या या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात सिडकोतल्या घरी गिटारसाठी साधा ट्यूब प्रीअँप (मुख्य अँपआधी सिग्नल वाढवणारं सर्किट) बनवला, दोन १२एएक्स७ ट्यूबवाला. क्लीनला, म्हणजे न फाटलेल्या आवाजाला, मस्त, पण गेन वाढवून जाडी ई स्ट्रिंग मारली की आवाज आधी फाटायचा, मग दबायचा आणि मग हळूच वर यायचा. मी ट्यूबला शिव्या घातल्या, तीन वेळा बदलल्या, खिसा रिकामा आणि आवाज जैसे थे.

तर पहिली चूक हीच, सगळं ट्यूबवर ढकलणं. नंबर बदलला तर फरक कळतो, १२एएक्स७ चा म्यू (ट्यूब सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा) १००, १२एटी७ चा ६०, १२एयू७ चा २० च्या आसपास. पण एकाच नंबरची महागडी ट्यूब लावून माझ्या कानाला तरी चार रुपयांच्या कॅपइतका (कपॅसिटरइतका) फरक जाणवला नाही.

खरा चोर निघाला कपलिंग कॅप, म्हणजे एका ट्यूबच्या प्लेटवरून (आउटपुटवरून) पुढच्या ट्यूबच्या ग्रिडला (इनपुटला) सिग्नल देणारा आणि डीसी अडवणारा कपॅसिटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन (नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने दादर, मग लोकलने ग्रँट रोड, गेला दिवस) आणलेल्या पुडीत २२३ ऐवजी २२४ होते आणि मी न वाचता सोल्डर करून मोकळा. २२३ म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड, २२४ म्हणजे ०.२२, सरळ दहापट. जोरात वाजवलं की पुढच्या ट्यूबचा ग्रिड करंट ओढतो, कॅप चार्ज होतो, आणि तो चार्ज ग्रिडवरच्या १ मेगओहमच्या रेझिस्टरमधून उतरेपर्यंत ट्यूब अर्धी झोपलेली. कॅप दहापट म्हणजे झोपही दहापट. बरं, मोठ्या कॅपने बेस वाढेल म्हणाल तर ०.०२२ आणि १ मेग साधारण ७ हर्ट्झच्या खाली कापतात, गिटारची जाडी ई ८२ हर्ट्झची, वाढणार काय कप्पाळ?

बेस बदलायचाच असेल तर ट्यूबच्या कॅथोड पिनवरच्या रेझिस्टरला जोडलेल्या कॅपकडे बघा. फेंडर अँपमध्ये १.५ के (किलोओहम) वर २५ मायक्रोफॅरड, सगळा बेस आत येतो, क्लीनला गोड. मार्शल अँपमध्ये २.७ के वर ०.६८, खालचा भाग थोडा मागे राहतो म्हणून डिस्टॉर्शन चिखल होत नाही. हाय गेन हवा असताना पहिल्याच स्टेजला २५ लावणं ही दुसरी चूक, आणि हो, तीही मीच केली.

कॅपचं व्होल्टेज पण वाचा राव. प्लेटवर दीड-दोनशे व्होल्ट डीसी असतं, तिथे १०० व्होल्टवाला चालणार नाही, ४०० किंवा ६३० चाच घ्या. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर कपलिंग कॅपच्या पुढच्या बाजूला (प्लेटकडची नाही, ती दुसरी) डीसी मोजा, शून्याच्या जवळ नसेल तर कॅप लीक आहे. मोजताना एक हात खिशात, शॉक छातीतून जाऊ नये म्हणून. आणि सोल्डरिंगआधी प्लग काढून फिल्टर कॅप (पॉवर सप्लायचे मोठे कॅप) डिस्चार्ज करायचे म्हणजे करायचेच, बंद अँपमध्येही जीव घेण्याइतका चार्ज राहतो.

सू-सू आवाज येत असेल तर प्लेटचा १०० के चा कार्बन रेझिस्टर काढून मेटल फिल्मचा लावून बघा, बऱ्याचदा आवाज कमी होतो.

हमसाठी (सतत येणाऱ्या घुंss आवाजासाठी) एक जुगाड. जाड्या ई चा तिसरा फ्रेट वाजवा, तो ९८ हर्ट्झ. हम त्याच सुरात असेल तर १०० हर्ट्झचा, म्हणजे पॉवर सप्लायच्या रेक्टिफायर-फिल्टरकडे बघा. एक सप्तक खाली असेल तर ५० चा, हीटरच्या (ट्यूब तापवणाऱ्या) वायरी एकमेकींभोवती नीट पिळल्यात का ते तपासा. माझ्या पिळलेल्या नव्हत्या.